वाचकांचे प्रश्न : गर्भारपणातील रक्तदाब आणि भूल

गेल्या महिन्यात या सदरात प्रीएक्लॅम्प्सियाविषयी थोडक्यात लिहिले होते. गर्भधारणेचे २० आठवडे उलटल्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर जाऊ लागला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिने जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंडे, मेंदू, रक्तातील प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) यांपैकी कशावर परिणाम दिसू लागला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि त्यातूनच झटके आले तर ती एक्लॅम्प्सिया होते, एवढे त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत विचारणा आहे ती भुलीविषयी. मी स्वतः भूलतज्ज्ञ असल्यामुळे आणि आयुष्यातला बहुतेक काळ मराठवाड्यातल्याच रुग्णालयांत भूल देण्यात गेल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्याच पत्रांसाठी ठेवले आहे.

प्रश्न : माझी धाकटी बहीण २१ वर्षांची, पहिलटकरीण. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली होती, ती आठव्या महिन्यात परत आली तेव्हा पायांवर सूज होती, डोके दुखत होते आणि डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ग्रामीण रुग्णालयात तिचे बीपी १७०/११० निघाले. तिथे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर होत्या, ऑपरेशन थिएटरही होते, पण भुलीचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते म्हणून दोन्ही कुल्ल्यांत मोठी इंजेक्शने देऊन तिला पुढे पाठवले. पुढच्या रुग्णालयातही लगेच सिझर न करता दोन तास बीपी उतरवत बसले. दोघे सुखरूप आहेत, परंतु डॉक्टरांनी जबाबदारी टाळली असे गावात सगळे म्हणतात. खरे काय समजावे? (एक वाचक, केज तालुका)

उत्तर : बहीण आणि बाळ सुखरूप आहेत हे वाचून फार बरे वाटले. आधी स्पष्ट सांगते की त्या दिवशी दोन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी केले ते योग्य केले, आणि आपल्या बहिणीचा जीव वाचण्यात त्या दोन तासांचा वाटा मोठा आहे.

हा आजार मुळात वारेपासून सुरू होतो आणि बाळ व वार बाहेर आल्यानंतरच ओसरू लागतो, त्यामुळे ‘मग लगेच सिझर का करत नाहीत’ असे नातेवाइकांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तोवर आजाराने सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात, मेंदूतल्या बारीक वाहिन्यांवर ताण असतो, आणि अशा अवस्थेत पूर्ण भूल देऊन घशात नळी घालायला गेले तर त्या अर्ध्या मिनिटात वरचा रक्तदाब १७० वरून २०० च्या पुढे उसळून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. या आजारात ऑपरेशन टेबलावर किंवा त्यानंतर दगावणाऱ्या बायकांत मेंदूतला रक्तस्राव हे एक मुख्य कारण असते. म्हणून वरचा आकडा १६० च्या आणि खालचा ११० च्या आत आणणे हे पहिले काम असते, आणि तेही बेताबेताने करावे लागते, कारण रक्तदाब एकदम खाली आणला तर वारेकडे जाणारे रक्त कमी पडते आणि पोटातले बाळ गुदमरते. शिरेतून लॅबेटालॉल देणे किंवा निफेडिपिनची गोळी देणे, दर काही मिनिटांनी पट्टा फुगवून मोजणे, रक्ताचा अहवाल येण्याची वाट पाहणे, यात दोन तास सहज जातात. दारात उभ्या असलेल्या भावाला ते नुसते बसून राहणे वाटते, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे, आणि बाहेर येऊन दोन वाक्ये सांगायला आम्ही डॉक्टर कमी पडतो हेही कबूल करते.

कुल्ल्यांतली ती मोठी इंजेक्शने मॅग्नेशियम सल्फेटची होती. प्रत्येक बाजूला ५ ग्रॅम, म्हणजे सुमारे १० मिली औषध स्नायूत खोल द्यावे लागते. ते दुखते आणि आत गेल्यावर अंगात गरम वाफ आल्यासारखे वाटते, त्यामुळे रुग्ण घाबरते. परंतु झटके थांबवायला आणि येऊ न द्यायला याहून चांगले औषध जगात दुसरे नाही. २००२ साली ३३ देशांतल्या १० हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या मॅग्पाय चाचणीत हे औषध दिल्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले, आणि त्या बायकांत गरीब देशांतल्या अनेकजणी होत्या. ते स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळते. पहिला डोस देऊन मगच रुग्ण पुढे पाठवायची ही पद्धत आपल्या ग्रामीण रुग्णालयाने पाळली, हे मला आपल्या पत्रातले सर्वांत समाधानाचे वाक्य वाटले.

राहिला प्रश्न भूलतज्ज्ञाचा. रक्तदाबाच्या रुग्णाला भूल देणे आणि निरोगी बाईला भूल देणे यात किती अंतर आहे, हे मी अनेक वर्षांपूर्वीच्या एका रात्री शिकले. मध्यरात्री एक पहिलटकरीण आली. सातव्या महिन्यात ओटी भरताना घातलेला हिरवा चुडा तिच्या मनगटात असा रुतला होता की बांगडी फिरत नव्हती आणि सलाइनसाठी शीर सापडत नव्हती. बाळंतपणाच्या तोंडावर बांगड्या वाढवायच्या म्हणून सासूबाई आधी तयार होईनात, पण सुनेची फुगलेली बोटे पाहिल्यावर त्यांनीच शेवटी कापसाचे बोळे आत सरकवत एकेक बांगडी वाढवली, आणि खाली कातडीवर बांगड्यांचे खोल वळ उमटलेले दिसले. प्लेटलेट फार उतरल्या होत्या म्हणून तिला कमरेतून भूल देता येत नव्हती. पूर्ण भूल दिल्यावर मी घशात पाहिले तर जी सूज मनगटावर होती तीच स्वरयंत्रावर होती. एरवी बाईला सात नंबरची नळी सहज जाते, तिथे सहाची अडली आणि साडेपाचची कशीबशी गेली. बारीक नळी हाताशी काढून ठेवलेली नसती आणि शेजारी सराईत मदतनीस नसता, तर काय झाले असते याचा विचार मी आजही करते. तेव्हापासून रक्तदाबाची रुग्ण आली की मी तिची बांगडी फिरवून बघते.

म्हणून ज्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ हजर नाही तिथे अशा बाईचे सिझर न करता, मॅग्नेशियमचा डोस आणि रक्तदाबाचे औषध देऊन तिला पुढे पाठवणे हेच तिच्या हिताचे असते. आपला राग मात्र अस्थानी नाही; थिएटर बांधून तयार आहे आणि भूल द्यायला माणूस नाही ही उणीव खरी आहे. भूलतज्ज्ञ आठवड्यातल्या कोणत्या वारी येतात आणि इतर दिवशी काय सोय आहे, हे रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीकडे लेखी विचारा आणि उत्तर आरोग्य केंद्राच्या फलकावर लागेल असे पाहा. पुढच्या वेळी ज्या घरावर ही वेळ येईल त्यांना निदान कुठे जायचे हे आधीच माहीत असेल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. पहिल्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला आणि कमरेतून भूल देऊन सिझर झाले. तेव्हापासून कंबर दुखते, ती त्या सुईमुळेच असे घरी सगळे म्हणतात. आता पुन्हा दिवस गेले आहेत, तिसरा महिना चालू आहे. या वेळी पूर्ण भूल मागावी का? रक्त पातळ करणारी छोटी गोळी सुरू केली आहे, ती घेत असताना कमरेत सुई चालते का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पूर्ण भूल मागू नका. रक्तदाबाच्या रुग्णासाठी, रक्त गोठण्यात दोष नसेल आणि ती शुद्धीवर असेल तर, कमरेतली भूल जास्त सुरक्षित असते. तीत घशात नळी घालावी लागत नाही, त्यामुळे रक्तदाब उसळण्याचा, सुजलेल्या घशाचा आणि पोटातले अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका टळतो, शिवाय आईला बाळाचे पहिले रडणे ऐकू येते. पूर्वी आम्हालाही असे शिकवले जात असे की प्रीएक्लॅम्प्सियात कमरेतून भूल दिली तर रक्तदाब कोसळतो. १९९० च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांनी ती भीती दूर केली. या बायकांचा रक्तदाब निरोगी बायकांपेक्षा उलट कमीच घसरतो आणि जो घसरतो तो औषधाच्या थोड्या मात्रेने सावरता येतो.

कंबरदुखीचा आणि सुईचा संबंध लोकांच्या मनात फार पक्का बसला आहे. सुई टोचली तिथे दोन-चार दिवस हुळहुळते, एवढे खरे. महिनोन्‌महिने राहणारी कंबरदुखी मात्र कमरेतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांत सारख्याच प्रमाणात आढळते. गर्भारपणात सैल झालेले सांधे, वाढलेले वजन, वाकून बाळाला पाजण्याची सवय आणि बाळंतपणानंतर न केलेला व्यायाम ही तिची कारणे आहेत. शाळेत दिवसभर उभे राहण्याचीही त्यात भर पडत असेल.

छोटी गोळी म्हणजे ॲस्पिरिन असावी. ती आपल्याला अगदी योग्य वेळी सुरू झाली आहे. एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झालेल्या सहा-सात जणींपैकी साधारण एकीला तो पुढच्या खेपेस पुन्हा होतो, आणि चौथा महिना संपण्याआधी सुरू केलेली ॲस्पिरिनची कमी मात्रा हा धोका घटवते. या मात्रेत ती कमरेतल्या भुलीला अडसर ठरत नाही. आम्ही खरोखर पाहतो तो प्लेटलेटचा आकडा. साधारण ७० ते ८० हजारांच्या वर तो स्थिर असेल तर कमरेत सुई देता येते, मात्र तो भराभर उतरत असेल तर कालचा अहवाल आज उपयोगी पडत नाही. कॅल्शियमच्या गोळ्याही दिवसातून दोनदा न चुकता घ्या, कारण ज्यांच्या आहारात दूध-दही कमी असते त्यांच्यात कॅल्शियमनेही हा आजार कमी होतो. सातव्या-आठव्या महिन्यात एकदा भूलतज्ज्ञांना स्वतःहून भेटा आणि मागच्या खेपेची फाइल बरोबर न्या.

प्रश्न : मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे. गरीब देशांत सिझरच्या वेळी भुलीमुळे अधिक माता दगावतात असे वर्गात शिकवले. भुलीची औषधे सगळीकडे सारखीच असताना असे का व्हावे? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपला प्रश्न नेमका आहे. २०१६ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. त्यात बाळंतपणाशी निगडित शस्त्रक्रियांत दर १,००० बायकांमागे १.२ मृत्यू भुलीमुळे होतात, आणि सिझरनंतरच्या मातामृत्यूंपैकी १३.८ टक्के मृत्यूंना भूल कारणीभूत असते, असा अंदाज निघाला. पूर्ण भूल दिलेल्या बायकांत मृत्यूचा धोका कमरेतून भूल दिलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. अर्थात अत्यवस्थ रुग्णांना पूर्ण भूलच द्यावी लागते, हेही त्या आकड्यामागे आहे. श्रीमंत देशांत भुलीमुळे होणारा मातामृत्यू ही आता दुर्मीळ घटना झाली आहे.

औषधे सारखीच आहेत, पण औषध देणारा माणूस आणि त्याच्या हाताशी असलेली साधने सारखी नाहीत. दर लाख लोकांमागे किमान ५ भूलतज्ज्ञ असावेत असा भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचा आग्रह आहे, आणि आफ्रिकेतल्या कित्येक देशांत हे प्रमाण १ देखील नाही. तिथे एकच परिचारिका किंवा तंत्रज्ञ भूल देतो, रक्तदाब मोजतो आणि गरज पडली तर बाळालाही सावरतो. वीज गेली की ऑक्सिजन तयार करणारे यंत्र बंद पडते आणि घशातला स्राव ओढणारे यंत्रही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर, जो करोनाच्या काळात आपल्याकडे घरोघरी आला, तो अनेक देशांतल्या थिएटरांत नव्हता. तो पोचवण्यासाठी २०११ मध्ये लाइफबॉक्स नावाची संस्था उभी राहिली. रुग्ण निळी पडलेली डोळ्यांना दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो, तर यंत्राचा आवाज त्याआधीच बदलतो, म्हणून या लहानशा वस्तूचे मोल मोठे आहे.

आपण स्वतःला या चित्राबाहेर समजू नये. नमुना नोंदणी पाहणीच्या २०१८ ते २०२० या काळातल्या आकड्यांनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या. राज्याचा आकडा चांगला आहे, पण तो पुण्या-मुंबईची मोठी रुग्णालये आणि फडावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणारी ऊसतोड मजूर बाई या दोघींची सरासरी आहे. भूलतज्ज्ञांची कमतरता भरून काढायला सरकारने एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या तातडीच्या प्रसंगांपुरती भूल देण्याचे, सुरुवातीला १८ आठवड्यांचे, प्रशिक्षण सुरू केले. योजना चांगली आहे. मात्र शिकून आलेल्या डॉक्टरची बदली जिथे थिएटर चालत नाही अशा ठिकाणी झाली, तर काही महिन्यांत हात विसरतो, आणि हे मी स्वतः शिकवलेल्या मुलांच्या बाबतीत पाहिले आहे.

प्रश्न : ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. भूलतज्ज्ञ नसताना, अगदी नाइलाज झाला तर, केटामिन या भुलीच्या इंजेक्शनवर सिझर करावे का? (एक वाचक, हिंगोली जिल्हा)

उत्तर : प्रीएक्लॅम्प्सियात नुसत्या केटामिनवर विसंबू नका, डॉक्टर. ते रक्तदाब आणखी चढवते. अपघाताच्या रुग्णात जो गुण असतो तोच इथे घात करतो. मॅग्नेशियम द्या, रक्तदाब आवरा, रुग्णाला डाव्या कुशीवर ठेवून १०८ मागवा आणि पुढच्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाशी स्वतः फोनवर बोला. चिठ्ठीवर शेवटचा रक्तदाब, मॅग्नेशियमची मात्रा आणि वेळ, लघवी किती झाली आणि शेवटचे खाणे कधी झाले, एवढे ठळक लिहा. मॅग्नेशियममुळे आमच्या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा परिणाम लांबतो, म्हणून ती वेळ आम्हाला हवीच असते. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्यावर टिचकी मारून पाय उडतो का ते पाहा, श्वास मोजा, आणि मॅग्नेशियम जादा झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची कुपी खिशात ठेवा. प्रसूती झालीच तर रक्तस्राव रोखायला रक्तदाब चढवणारे मेथर्जिन देऊ नका, ऑक्सिटोसिन द्या. सलाइन मोजून द्या. सगळे मिळून तासाला ८० मिलीच्या आसपास. सलाइन बंद दिसली की नातेवाईक कुरकुरतात, पण या आजारात जादा पाणी थेट फुप्फुसात उतरते.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. माझ्या गावातल्या बायका भुलीच्या नावानेच सिझर लांबवतात. निघण्याआधी पोटभर जेवू घालतात, आणि बीपीची गोळी उपाशीपोटी नको म्हणून त्या दिवशी देतच नाहीत. मी घरच्यांना काय सांगावे? (एक वाचक, जिंतूर तालुका)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातली प्रत्येक गोष्ट मी टेबलाच्या या बाजूने रोज भोगते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘एवढ्या लांब जायचे, उपाशी कशी पाठवू’ यामागे माया असते. घरच्यांना असे सांगा की गर्भारपणात जेवण पोटात जास्त वेळ राहते आणि भूल दिल्यावर ते उलटून छातीत गेले तर श्वासच बंद होतो. सिझर ठरलेले असेल तर भाकरी-भाजीचे जेवण सहा तास आधी थांबवायचे. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत घोट घोट चालते. जेवण झालेच असेल तर ते लपवू नये. जेवली आहे हे समजले तर आम्ही तशी तयारी करतो. खोटे सांगितले तर धोका तिलाच होतो. बीपीची गोळी त्या दिवशीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच, डॉक्टरांनी बंद करायला सांगितली नसेल तर.

डोके सतत दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे येणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, तोंडावर आणि हातांवर सूज येणे, यांपैकी काहीही दिसले तर सरकारी केंद्रात दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या गर्भारणींच्या तपासणीची वाट पाहू नका. झटका आला की घरात देवऋषी, कांदा, चप्पल हे सगळे सुरू होते; तेव्हा आपण पुढे होऊन तिला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू देऊ नका आणि गाडी बोलवा. १०८ आणि १०२ या दोन्ही गाड्या मोफत आहेत, आणि जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातले सिझर, औषधे आणि रक्तही मोफत आहे, त्यामुळे पैशाची जुळवाजुळव करण्यात रात्र घालवायचे कारण नाही. निघताना माता व बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची पाकिटे एकाच पिशवीत घाला. हातातला चुडा घट्ट झाला असेल तर घरीच साबण लावून काढायला सांगा, म्हणजे थिएटरच्या दारात तो वाढवायची वेळ येणार नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भार बायकांची यादी दिवाळीआधी करा. कोणत्या कारखान्यावर जाणार ते त्यांच्याकडून आणि मुकादमाकडून विचारून लिहून ठेवा, आणि तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन कार्डाच्या मागे लिहून द्या. पाच-सहा महिने तिचे बीपी कोणीच मोजले नाही असे झाले की ती आमच्यापर्यंत येते तेव्हा भूल देण्यासारखी अवस्था उरलेली नसते.

शेवटचे एक. बाळंतपण झाले की आजार संपला असे धरून चालू नका. रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पुन्हा चढतो, म्हणजे नेमका बाळंतीण घरी परतते तेव्हा, आणि झटके त्यानंतरही येऊ शकतात. कमरेतून भूल घेतलेल्या बाळंतिणीचे डोके दुखले की ‘सुईमुळे दुखते, पडून राहा’ असे सांगून सगळे मोकळे होतात. सुईमुळे दुखणारे डोके उठून बसल्यावर दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते. आडवे पडूनही ते थांबत नसेल तर आपल्या घरभेटीच्या वेळी आधी बीपी मोजा आणि १५०/१०० च्या वर निघाले तर तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.